कर्ककोशिकांचे रूपांतर
कर्करोगाच्या कोशिकेने (पेशीने) भोवतालच्या परिस्थितीस अनुसरून आपले मूळ स्वरूप व गुणधर्म बदलण्याच्या प्रक्रियेला ही संज्ञा लावतात. या बदलासाठी जनुकांमध्ये (आनुवंशिक घटकांमध्ये) नवे उत्परिवर्तन व्हावेच लागते असे नाही. असलेल्या जनुकांपैकी कोणती कार्यान्वित व्हावीत, एवढेच बदलते. त्यामुळे परिस्थिती पालटल्यास कोशिका पूर्वरूपही धारण करू शकते.

इंग्लिश शल्यचिकित्सक स्टीव्हन पॅजेट यांनी १८८९ मध्ये कर्करोगाच्या प्रसाराला बीज व मृदा यांची उपमा दिली होती. बीजही मृदेनुसार पालटते, हे बऱ्याच काळाने समजले. १९८२ मध्ये ग्रीनबर्ग व एलिझाबेथ हेय या अमेरिकन शास्त्रज्ञांना असे आढळले की, डोळ्याच्या भिंगावरील अस्तराच्या निरोगी कोशिका कोलॅजेन या प्रथिनाच्या जेलीत ठेवल्यास लांबट होऊन स्थलांतर करू लागतात.

यंत्रणा : बहुतेक कर्करोग अभिस्तर ऊतकात (शरीराचे बाह्य आवरण व पोकळ्यांचे अस्तर बनविणाऱ्या कोशिकासमूहात) उद्भवतात. तेथील कोशिका ई-कॅढेरीन या प्रथिनाने परस्परांस जखडलेल्या असतात. अर्बुदाच्या (गाठीच्या) अंतर्भागातील ऑक्सिजनाची उणीव आणि शेजारच्या कोशिकांनी स्रवलेली टीजीएफ-बीटासारखी प्रथिने यांमुळे ‘स्नेल’, ‘ट्विस्ट’ इ. जनुके जागृत होतात. ही जनुके मुळात भ्रूणाच्या घडणीत उपयोगी पडणारी होत. त्यांच्या प्रभावाने ई-कॅढेरीन घटते, कोशिका सुटी होते आणि रक्तात वा लसीकेत शिरू शकते. दूरच्या इंद्रियात पोहोचल्यावर हे संकेत ओसरले की, ती पुष्कळदा पूर्ववत होऊन तेथे नवे अर्बुद निर्माण करते. काही कोशिका दोन्ही स्वरूपांचे मिश्र गुणधर्म दाखवितात.

चिकित्सेतील महत्त्व : औषध हीदेखील कोशिकेच्या दृष्टीने परिस्थितीच होय. फुप्फुसाच्या ग्रंथिल कर्करोगात ईजीएफआर या प्रथिनाचा रोध करणारी औषधे दिली असता काही रुग्णांत अर्बुद लघुकोशिक प्रकारात रूपांतरित होते व औषध निष्प्रभ ठरते. अशा वेळी ऊतकाचा तुकडा काढून पुन्हा तपासावा लागतो, कारण लघुकोशिक प्रकाराची चिकित्सा वेगळी असते.

याच गुणधर्माचा रुग्णाच्या हितासाठीही उपयोग होतो. तीव्र प्रोमायलोसायटिक रक्तार्बुदात (रक्ताच्या कर्करोगाच्या एका प्रकारात) अ जीवनसत्त्वापासून मिळणारे रेटिनॉइक अम्ल कर्ककोशिकांना ठार न करता पक्व श्वेत कोशिकांचे रूप घेण्यास भाग पाडते, असे शांघायमधील वैद्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केले. पूर्वी बहुधा लवकर प्राणघातक ठरणारा हा विकार आता या अम्लाच्या व आर्सेनिक ट्रायऑक्साइडाच्या संयुक्त उपचाराने बहुसंख्य रुग्णांत बरा होतो.