कालचीच यादी आजच्या गावाला?

वैशाखातली गोष्ट. नीरा नदीच्या काठाला दोन गावे, एक बारामती तालुक्यातले आणि एक इंदापूर तालुक्यातले. मध्ये अंतर फार तर दोन कोस. दोन्ही गावांच्या यात्रा एकापाठोपाठ आल्या आणि दोन्हीकडची सुपारी आमच्याच ऑर्केस्ट्राला मिळाली. मी तेव्हा पेटी सोडून नुकताच कीबोर्डवर बसू लागलो होतो. पहिल्या गावात कार्यक्रम इतका रंगला, की दुसऱ्या दिवशी आम्ही सगळे जरा हवेतच होतो. दुसऱ्या रात्री तेच पहिले गाणे झाले, तेच दुसरे झाले. निवेदकाने कालचाच विनोद सुरू केला आणि अगदी पुढे मांडी घालून बसलेल्या एका दहा-बारा वर्षांच्या पोराने त्यातले शेवटचे वाक्य त्याच्या आधीच म्हणून टाकले! सगळे मैदान हसले, पण हसू पोराच्या वाट्याला गेले. कालच्या गावातली मंडळी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून आज इकडे आली होती, हे आमच्यापैकी एकाच्याही ध्यानात आले नव्हते. सकाळी पंचांनी बिदागी देताना पैसे कापले. ‘‘शिळं वाढलं तुम्ही,’’ एवढेच एक जण म्हणाला.

गावोगाव फिरणाऱ्या कलावंताने रोज यादी बदलावी की एकच यादी सगळीकडे चालवावी, हा प्रश्न त्या सकाळी माझ्या मनात शिरला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, की तीच गाणी म्हणणे हा आळस. तसे नसते. यादीच्या मागे पुष्कळ व्यवहार असतो. एक गायक काळी एकमध्ये गातो, गायिकेला काळी पाच लागते. पट्टी बदलली की ढोलकी पुन्हा सुरात घ्यावी लागते, नाहीतर दुसरी ढोलकी तयार ठेवावी लागते. म्हणून एका पट्टीतली गाणी जवळजवळ ठेवायची. लावणीवर नाचणारीला नऊवारी नेसून चाळ बांधायला वेळ हवा, तेवढ्यात विनोदवीराने मैदान सांभाळायचे. चढ्या सुरांची गाणी एकापुढे एक लावली तर सलग पंधरा रात्रींच्या दौऱ्यात गळा आठव्या रात्री बसतो. यादी म्हणजे भिंत असते; मधली एक वीट काढली की वरच्या चार हलतात.

हे आम्हाला तिसऱ्याच रात्री कळले. मालकाने रागाच्या भरात सगळी यादी उलटीपालटी केली. नवी गाणी घेतली, ती नीट बसवलेली नव्हती. एका गाण्याला मी चुकीच्या पट्टीत सूर दिला आणि गायिकेचा आवाज अंतऱ्यात फाटला. दोष माझा, शिट्ट्या तिला. कार्यक्रम संपल्यावर रंगमंचाच्या मागे एक बाई उभी होती. शेतमजुरी करणारी असावी. ‘‘दादा, मागल्या साली म्हटलं व्हतं ते गाणं का न्हाई म्हटलं? लेक माहेराला आलीया, तिला मुद्दाम घिऊन आले व्हते.’’ ते गाणे आम्ही ‘शिळे’ म्हणून टाकले होते. तिच्यासाठी ते वर्षातून एकदाच येणारे होते. आम्ही शंभर वेळा म्हटले म्हणून तिने शंभर वेळा ऐकलेले नसते, ही साधी गोष्ट आम्ही विसरलो होतो.

आमच्याआधी या प्रश्नाशी झगडले ते तमाशाचे फड. दसऱ्याला फड बाहेर पडतो आणि चैत्र-वैशाखाच्या यात्रा उरकून परततो. गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि शेवटी वग हा क्रम ठरलेला. तो मोडला तर जुना रसिक म्हणेल हा तमाशाच नव्हे. पण प्रत्येक घराच्या आत मोकळीक आहे. गणात गणपतीच येणार. गवळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गौळणी आणि त्यांची मावशी येणार, पण मावशी आणि पेंद्या काय बोलतील ते त्या त्या गावावर ठरते. ज्या गावात कॅनॉलच्या पाण्याचे भांडण चालू आहे तिथे मथुरेच्या वाटेवरही पाण्याचेच भांडण निघते. यात्रेत रात्री तमाशा झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी ‘हजेरी’ची पद्धत आहे. गाव तेच, माणसे तीच, मग रात्रीचे परत करून भागत नाही. तिथे फर्माईश चालते आणि फडाच्या पोतडीत किती माल आहे ते उघडे पडते. विठाबाई नारायणगावकरांसारख्या कलावतीचे नाव झाले ते अशा मैदानांत. तिकिटाच्या तंबूतही एकाच जागी दोन रात्री राहायचे तर वग दुसरा लावावा लागतो.

आता वेळेचे बंधन आले आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम आले आणि रात्री दहानंतर कर्ण्याला परवानगीची अडचण सुरू झाली. पहाटेपर्यंत चालणारा वग आखडला. वेळ कमी झाला की पहिली काट बसते ती नव्या, अजून न रुळलेल्या गोष्टीला. हमखास टाळीची गाणी तेवढी उरतात. गावे ठरावीक सिनेमातली गाणी मागतात आणि फड ती देतात. याचे खापर मी फडाच्या डोक्यावर फोडणार नाही. शे-सव्वाशे माणसांचे पोट ज्याच्यावर आहे त्याने कोणत्या रात्री प्रयोग करून पाहायचा?

पण याच दोन तालुक्यांतून दरवर्षी आषाढी वारीत अशी एक गाती फौज जाते, जी यादी अजिबात बदलत नाही आणि तिला कुणी शिळे म्हणत नाही. तुकोबांची पालखी १६८५ मध्ये नारायण महाराजांनी सुरू केली. देहूहून निघून ती उंडवडी गवळ्याची, बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर आणि सराटी असे मुक्काम करीत पुढे नीरा ओलांडते. काटेवाडीला मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण. मी दोनदा बारामतीपासून सराटीपर्यंत दिंडीत चाललो. भजनाची मालिका ठरलेली. पहाटेचा काकडा, चालताना रूपाचे अभंग, त्या त्या वाराचे अभंग, सांजेला हरिपाठ. सोमवारचे मंगळवारी नाही. दोन दिवसांत मला एक गोष्ट उमगली. तिथे श्रोता कोणी नव्हताच. जो चालतो तो गातो. मालिका ठरलेली आहे म्हणूनच पुस्तक न धरता, कर्णा नसताना शेकडो माणसे एका टाळावर येतात आणि निमगावात नव्याने शिरलेला माणूससुद्धा चौथ्या पावलाला सूर धरतो.

आणि गंमत पाहा. दिवसभर ठरल्याप्रमाणे गाणारी तीच माणसे रात्री मुक्कामाला कीर्तनाला बसतात, तेव्हा त्यांना रोज नवा अभंग हवा असतो. कालचाच अभंग आणि कालचेच दृष्टांत घेतले तर पेंगतात. म्हणजे आपण सगळे मिळून म्हणायचे ते ठरलेले असावे, आणि एकाने म्हणून बाकीच्यांनी ऐकायचे ते बदलते असावे. वारीने ही वाटणी केव्हाच करून ठेवली आहे. आमचा ऑर्केस्ट्रा मात्र दोन्हींच्या मध्ये अडकलेला. निम्मी गाणी लोक आमच्याबरोबर म्हणतात, निम्मी नुसती ऐकतात.

विषय बारामतीचा म्हटल्यावर मोरोपंतांना टाळून कसे चालेल? त्यांनी १०८ रामायणे रचली असे सांगितले जाते. कथा एकच, राम तोच, पण प्रत्येक वेळी वृत्त निराळे किंवा अक्षरांची करामत निराळी. शाळेत आम्हाला हा विद्वत्तेचा हट्ट वाटे. पेटीवर बसू लागल्यावर त्यातला वादक दिसू लागला. तमाशात गाजलेले शाहीर राम जोशी पुढे मोरोपंतांच्या सहवासाने कीर्तनाकडे वळले आणि पंतांच्या आर्या त्यांनी घरोघरी नेल्या, अशी परंपरा आहे. फड आणि कीर्तन यांच्यात आपण समजतो तेवढे अंतर नसावे.

परदेशांतही हीच दोन टोके आहेत. अमेरिकेतला ग्रेटफुल डेड हा बँड १९६५ पासून १९९५ पर्यंत वाजत राहिला. त्यांचे रसिक गाडी घेऊन त्यांच्या मागे गावोगाव फिरत आणि कार्यक्रम टेपवर उतरवून घेत. बँडची त्याला हरकत नव्हती. ऐकणाराच मागे फिरतो म्हटल्यावर यादी रोज बदलणे भाग होते. आमच्या ट्रॉलीवाल्यांचेच हे मोठे भाऊ. उलट टेलर स्विफ्ट हिच्या २०२३-२४ च्या १४९ कार्यक्रमांच्या दौऱ्यात दिवे, पडदे, नाच सगळे गाण्यांच्या क्रमाला बांधलेले. क्रम हलवला तर सगळाच डोलारा हलेल. तरी तिने दर रात्री दोन गाणी वेगळी ठेवली होती आणि आज कोणती, याचीच चर्चा जास्त व्हायची.

आम्ही त्याच वर्षी, कोणाचे न पाहता, जवळपास तिथेच येऊन पोहोचलो. सुरुवातीची तीन आणि शेवटची दोन गाणी कायम ठेवली. ती लोक म्हणतात. मध्ये एकाच पट्टीतली आठ-दहा गाणी बसवून ठेवली आणि त्यांतली चार त्या रात्री निवडायची, म्हणजे ढोलकीवाल्याची पंचाईत नाही. निवेदकाला ताकीद दिली, की पाच कोसांच्या आत तोच विनोद सांगायचा नाही. त्याने सुरुवातीला कुरकूर केली. विनोद जुळवणे हे गाणे बसवण्यापेक्षा अवघड असते आणि त्याचे पैसे वेगळे मिळत नाहीत, हे त्याचे म्हणणे खरेच होते. मालकाने त्याला रात्रीमागे थोडे वाढवून दिले.

माझ्याकडे एक वही आली. गाव, तारीख, काय म्हटले, लोकांनी काय मागितले आणि काय देता आले नाही. शेवटचा रकाना सर्वांत उपयोगी ठरला. पुढच्या वर्षी नदीकाठच्या त्या तिसऱ्या गावाला निघताना मी वही उघडली, त्यात लिहिले होते : ‘बाई, लेक माहेरी, जुने गाणे.’ ते आम्ही दुसऱ्या क्रमांकाला घेतले. ती आली होती की नाही ते उजेडामुळे रंगमंचावरून दिसले नाही.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)