श्वास १८ की २८?

वॉर्डातला दिवस उजाडतो तो सिस्टरांच्या फेरीने. काखेत थर्मामीटर, दंडाला बीपीचा पट्टा, बोटाला ऑक्सिमीटरचा चिमटा. पाच मिनिटांत एक पेशंट उरकतो आणि आकडे तक्त्यावर चढतात. रुग्णालयाच्या बोलीत याला ‘टीपीआर-बीपी’ म्हणतात. ताप, नाडी, श्वास आणि रक्तदाब. आता त्यात ‘सॅच्युरेशन’ची, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनच्या टक्केवारीची भर पडली आहे. असा एखादा तक्ता वरून खाली वाचत गेलं, तर श्वासाच्या रकान्यात गंमत दिसते. नाडी ७६, ९८, ११२ अशी माणसागणिक बदलते. श्वास मात्र सगळ्यांचा १८, नाहीतर २०. न्यूमोनियाने धापा टाकणाऱ्याचाही १८!

कारण साधं आहे. बाकीचे आकडे यंत्र देतं, श्वास माणसाला मोजावा लागतो, तोही पूर्ण मिनिटभर. एकेका सिस्टरच्या वाट्याला तीस-चाळीस पेशंट असले की हेच मिनिट आधी कापलं जातं. जगभरच्या रुग्णालयांची ही रड आहे.

आणि नेमका हाच आकडा सर्वांत आधी बोलतो. स्वस्थ बसलेला प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. फुप्फुसात संसर्ग झाला, रक्तात आम्ल वाढलं किंवा रक्तस्राव झाला, की शरीर श्वासाचा वेग वाढवून तूट भरून काढू पाहतं. या जादा मेहनतीच्या जोरावर ऑक्सिमीटर बराच काळ ९६-९७ दाखवत राहतो. पेशंट दमला की आकडा कोसळतो, आणि तोवर हातातला मोलाचा वेळ निघून गेलेला असतो. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१२ मध्ये ‘न्यूज’ नावाची गुणपद्धती आणली. तीत श्वास, ऑक्सिजन, वरचा रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप यांना गुण दिले जातात. श्वास २५ किंवा त्याहून जास्त असेल, तर त्या एका आकड्यालाच ३ गुण. बेरीज ७ किंवा त्याहून जास्त झाली, की तातडीची धावपळ सुरू करायची.

श्वास मोजण्यात एक छोटी लबाडी लागते. ‘तुमचा श्वास मोजते हं’ असं सांगितलं, की पेशंटचा श्वास लगेच बदलतो. म्हणून मुरलेल्या सिस्टर मनगट धरून नाडी बघत असल्याचा आव आणतात आणि नजर छातीवर ठेवतात. छाती वर गेली, खाली आली, की एक. सेकंदकाट्याचं घड्याळ एवढंच काय ते साहित्य.

पण ज्यांना साठपर्यंत मोजताच येत नाही, त्यांनी काय करायचं? गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे हा प्रश्न आला. लहान मुलांमधला न्यूमोनिया ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे जलद श्वास: दोन महिन्यांच्या आतल्या बाळात मिनिटाला ६० किंवा अधिक, पुढे वर्षापर्यंत ५०, पाच वर्षांपर्यंत ४०. ‘सर्च’ने गावपातळीवर प्रशिक्षण देऊन हा आजार ओळखण्याची आणि औषध देण्याची सोय केली. ‘लॅन्सेट’मध्ये १९९० साली त्याचा अहवाल आला, तेव्हा न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेसाठी घेतलेल्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी दिसले. अक्षरओळख नसलेल्या सुईणींसाठी तर संस्थेने ‘ब्रेथ काउंटर’च बनवला. एका मिनिटाची वाळूची घटिका आणि मण्यांच्या ओळी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपेपर्यंत किती मणी सरकले, त्यावरून निदान.

एवढं मोजून झालं, की मग ऑक्सिजनचा विचार. ‘ऑक्सिजन लावलाय’ हे शब्द ऐकले, की नातेवाइकांच्या पोटात गोळा येतो. उलट काही जण ‘थोडा लावा ना, बरं वाटेल’ असा आग्रह धरतात. ऑक्सिजन हे औषध आहे, त्याला मात्रा आहे, हे दोघांच्याही ध्यानात नसतं. साध्या हवेत तो २१ टक्के असतो. नाकातल्या नळीतून मिनिटाला १ ते ६ लिटर सोडला, की साधारण २४ ते ४४ टक्के मिळतो. साध्या मास्कला किमान ५ लिटर लागतात. त्याहून कमी सोडला तर पेशंटने बाहेर टाकलेला कार्बन डायऑक्साइड मास्कमध्येच साचतो. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात, आणि तो लावण्याआधी पिशवी फुगलेली हवी.

बहुतेक आजारी प्रौढांमध्ये ९४ ते ९८ टक्के सॅच्युरेशन पुरे. वर्षानुवर्षं बिडी ओढून किंवा चुलीच्या धुरात बसून फुप्फुसं निकामी झालेल्या, म्हणजे सीओपीडीच्या पेशंटला ८८ ते ९२ वरच ठेवतात. अशाला भरमसाट ऑक्सिजन दिला, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढून गुंगी येते, आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं, डोळा लागला. टास्मानियात अँब्युलन्समधल्या अशा पेशंटवर झालेला अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. सरसकट जोरात ऑक्सिजन मिळालेल्यांपेक्षा मोजून मिळालेल्यांत मृत्यू निम्म्याहूनही कमी होते. अतिरेकाचा सर्वांत मोठा फटका १९४० आणि ५० च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना बसला. काचेच्या पेटीत मुक्तहस्ते दिलेल्या ऑक्सिजनने हजारोंची दृष्टी गेली. अमेरिकी गायक स्टीव्ही वंडर त्यांतलाच एक.

बोटाला लावायच्या चिमट्यामागचं तत्त्व जपानच्या ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडलं. करोनाने तो चिमटा घरोघर पोचवला. पण नेलपॉलिश, गार पडलेली बोटं आणि हाताची हालचाल त्याला चकवतात. बंद खोलीत शेगडीचा धूर कोंडला असेल, तर कार्बन मोनॉक्साइडलाही तो ऑक्सिजनच समजतो. शिवाय ९७ हा आकडा नुसत्या हवेवरचा की चार लिटर ऑक्सिजनवरचा, हे शेजारी लिहिलं नसेल, तर त्याला अर्थ नाही.

ऑक्सिजनचा पुरवठा तुटला की काय होतं, हे महाराष्ट्राने पाहिलं आहे. २१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून पुरवठा थांबला आणि वीसहून अधिक रुग्ण दगावले. करोनाच्या त्याच लाटेत नंदुरबार जिल्ह्यात ‘ऑक्सिजन नर्स’ नेमल्या गेल्या. पेशंटचं सॅच्युरेशन बघून प्रवाह कमी-जास्त करणं आणि वाया जाणारा ऑक्सिजन थांबवणं, एवढंच त्यांचं काम होतं.

घरी कुणी आजारी असेल, तर ताप आणि सॅच्युरेशनच्या जोडीला मिनिटभर श्वासही मोजा आणि वेळेसकट लिहून ठेवा. सिलिंडर असेल, तर देवघर, गॅस आणि बिडी-सिगारेट यांपासून दूर ठेवा, नॉबला तेलकट हात लावू नका. १,५०० लिटरचा लहान सिलिंडर पाच लिटरच्या प्रवाहावर पाच तासांत संपतो, हेही लक्षात असू द्या. आणि प्रौढ माणसाचा श्वास २५ च्या वर गेला, बोलताना वाक्य पुरं होईना, ओठ निळसर दिसू लागले किंवा गुंगी आली, तर ऑक्सिमीटर काहीही म्हणो, १०८ ला फोन लावा.