गाडीतला रेडिओ खरखरतो का?

गाडीत नवा टेप बसवला. पैसे मोजून दिले. पेनड्राइव्हवरची गाणी झकास वाजली. मन खूश झाले. मग आकाशवाणी लावली. तो काय! नुसती खरखर. बातम्यांचा एक शब्द कळेना.

जुना टेप साधा होता. पण त्यावर रेडिओ स्वच्छ ऐकू येत असे. नवा टेप महागाचा. मग हा रेडिओला मुका कसा?

अशा वेळी माणूस म्हणतो, "टेपच खराब निघाला. बदलून आणू." दुकानदाराशी वाद होतो. दुसरा टेप येतो. तोही खरखरतो. याला म्हणतात, काखेत कळसा आणि गावाला वळसा. दोष बहुतेक वेळा टेपमध्ये नसतो. टेपपर्यंत येणाऱ्या वाटेत असतो. ती वाट कशी तपासावी, ते या पाठात पाहू.

रेडिओ हवा कशाला?

कोणी म्हणेल, "गाणी वाजतात ना? मग रेडिओ हवा कशाला?"

समजा, भिवापूरची मिरची गाडीत भरली आहे. गाडी उमरेडवरून नागपूरला, कळमन्याच्या बाजाराला निघाली आहे. पोत्यांवर ताडपत्री नाही. वाटेत फोनची रेंज गेली. पुढे पाऊस आहे, विजा पडण्याचा इशारा आहे, ही बातमी कोण सांगणार? पेनड्राइव्ह सांगणार नाही. त्यात कालचीच गाणी भरलेली असतात. रेडिओ आजचे सांगतो. त्याला रिचार्ज लागत नाही. एक पोते मिरची भिजली, तर किती नुकसान होते, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

नागपूरचे आकाशवाणी केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. बातम्या, हवामान, शेतीची माहिती विदर्भातल्या गावागावांत त्या आवाजाने पोचवली. तो आवाज गाडीतही नीट यायला हवा.

आवाज येतो कसा?

तळ्यात खडा टाका. पाण्यावर लाटा उठतात आणि काठापर्यंत जातात. रेडिओ केंद्राच्या उंच मनोऱ्यावरूनही अशाच लाटा निघतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत. त्या गाडीच्या एरिअलला लागतात. एरिअलमधून तारेने टेपमध्ये येतात. टेप त्यांचा पुन्हा आवाज करतो.

या लाटा दोन तऱ्हेच्या असतात.

पहिली मध्यम लहर. टेपवर तिला 'एएम' म्हणतात. या लाटा लांब असतात. त्या जमिनीला धरून दूरवर जातात. नागपूर केंद्र मध्यम लहरीवर ५८५ या आकड्याने ओळखले जात आले आहे.

दुसरी 'एफएम'. या लाटा आखूड असतात. नागपूरची विविध भारती एफएमवर १००.६ या आकड्यावर लागते. तिची एक लाट सुमारे तीन मीटर लांब असते. एफएमची लाट जवळजवळ सरळ रेषेत जाते. मधे टेकडी आली, मोठी इमारत आली, की ती अडते. केंद्रापासून जसजसे दूर जावे, तसतशी ती क्षीण होते.

आता खरखर कुठून येते? मध्यम लहरीत लाटेची उंची कमीजास्त करून आवाज पाठवतात. इंजिनाची ठिणगी उडाली, वीज चमकली, तरी लाटेची उंची बदलते. टेपला वाटते, हाही आवाजच. तो तेही ऐकवतो. एफएममध्ये उंची तीच ठेवतात आणि लाटा जवळ-दूर करून आवाज पाठवतात. म्हणून ठिणगीचा त्रास तिथे कमी होतो. ही युक्ती एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन इंजिनियराची. १९३३ साली त्याला तिचे हक्क मिळाले.

आधी हे पाहा : दोष जागेचा की गाडीचा?

गाडी मोकळ्या जागी उभी करा. इंजिन बंद करा. जवळ छोटा खिशातला रेडिओ असेल तर त्यावर तेच केंद्र लावून पाहा.

छोट्या रेडिओवरही खरखर आहे? मग दोष जागेचा आहे. गाडी पुढे न्या. उमरेडच्या पुढे भिवापूरकडे जाताना नागपूरचे एफएम हळूहळू बारीक झाले, तर तो टेपचा दोष समजू नका. ते अंतरामुळे होते.

छोटा रेडिओ स्वच्छ बोलतो आणि गाडीतला खरखरतो? मग दोष गाडीत आहे. आता पुढे चला.

टेप कोणत्या देशाचा लावला आहे?

हे ऐकून हसू येईल. पण हा दोष पुष्कळ टेपमध्ये सापडतो, आणि तो काढायला एक पैसाही लागत नाही.

आपल्याकडे मध्यम लहरीची केंद्रे ९-९ च्या अंतराने असतात. अमेरिकेत ती १०-१० च्या अंतराने असतात. टेप अमेरिकेच्या मापावर लावलेला असेल, तर तो ५८० वर थांबतो, मग एकदम ५९० वर उडी मारतो. ५८५ त्याला सापडतच नाही. एफएमचेही तसेच. अमेरिकेच्या मापात टेप १००.५ वरून थेट १००.७ वर जातो. आपले १००.६ मधेच राहते. आवाज आला तरी फाटका येतो.

जुन्या बाजारातून आणलेला जपानी टेप असेल तर आणखी निराळे. जपानात एफएम ७६ पासून सुरू होते. जुने जपानी टेप ९० च्या पुढे जातच नाहीत. त्यावर १००.६ कधीच लागणार नाही.

उपाय असा. टेपच्या सेटिंगमध्ये 'एरिया' किंवा 'रीजन' असे लिहिलेले असते. तिथे इंडिया निवडा. इंडिया नसेल तर आशिया किंवा युरोप निवडून पाहा. मग केंद्रे पुन्हा शोधून घ्या. 'लोकल' नावाचे बटण चालू असेल तर ते बंद करा. ते चालू असले की टेप फक्त जवळची, जोरदार केंद्रे पकडतो.

एरिअल आणि पिन

आता गाडीच्या बाहेर या. एरिअलची काडी जागेवर आहे का? धुताना काढून ठेवली, झाडाच्या फांदीने मोडली, पोरांनी पिरगाळली, असे होते. काडी घट्ट फिरवून बसवा.

काडी कापून आखूड करू नका. साध्या काडीला लांबीचे महत्त्व असते. एफएमची लाट तीन मीटरची. तिचा चौथा हिस्सा म्हणजे सुमारे ७५ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. म्हणून जुन्या गाड्यांची काडी साधारण एवढी असे.

मग टेपच्या मागे पाहा. एरिअलच्या तारेला टोकाशी जाड पिन असते. ती टेपच्या भोकात पूर्ण आत गेली पाहिजे. टेप बसवताना ती अर्धवट राहते किंवा ओढली जाऊन सुटते. हा सर्वांत साधा दोष. पिन आत दाबली की रेडिओ बोलू लागतो.

काही गाड्यांची पिन वेगळ्या आकाराची असते. ती नव्या टेपमध्ये बसत नाही. तेव्हा मधे जोडणी घ्यावी लागते. पिन कापून तारा नुसत्या पिळून जोडू नका. आतली तार आणि बाहेरची जाळी एकमेकींना लागली, की सगळा आवाज वाटेतच मरतो.

निळ्या तारेची गोष्ट

आता मुख्य मुद्दा ऐका. नव्या गाड्यांत एरिअल आखूड असते. छपरावर बोटभर काडी किंवा माशाच्या पंखासारखा उंचवटा असतो. एवढ्याशा एरिअलला लाट कमी मिळते. म्हणून त्याच्या बुडाशी एक छोटे यंत्र बसवतात. ते बारीक लाटेला मोठी करते. त्याला बूस्टर म्हणतात.

बूस्टरला वीज लागते. कंपनीचा टेप ती वीज आपोआप देत असतो. आपण तो टेप काढतो आणि बाजारातला बसवतो. नवा टेप ती वीज निळ्या तारेतून देतो. बसवणारा घाईत असतो. तांबडी, पिवळी, काळी तार जोडतो. स्पीकर वाजतात. निळी तार तशीच लोंबत राहते. बूस्टर उपाशी राहतो. उपाशी बूस्टर लाट मोठी तर करत नाहीच, उलट वाट अडवून बसतो.

म्हणून गाणी झकास आणि रेडिओ मुका! जुन्या टेपवर चालत होते, नव्यावर बंद पडले, त्याचे हे मोठे कारण आहे.

मिस्त्रीला विचारा :

"भाऊ, माझ्या गाडीच्या एरिअलला बूस्टर आहे का? निळी तार त्याला जोडली का?"

काही गाड्यांत बूस्टरची तार वेगळी असते. ती निळ्या तारेला जोडली की काम झाले. काही गाड्यांत वीज एरिअलच्या तारेतूनच जाते. तिथे वीज आत सोडणारी खास जोडणी मिळते. ती बसवावी. टेप बदलण्यापेक्षा ती पुष्कळ स्वस्त पडते.

एक सावधगिरी ठेवा. निळी तार उघडी ठेवू नका. ती गाडीच्या पत्र्याला लागली तर टेप जळू शकतो.

पत्रा, गंज आणि खरखर

एरिअलच्या बुडाचा पत्र्याशी नीट स्पर्श हवा. याला अर्थ म्हणतात. मधे रंग किंवा गंज आला तर खरखर वाढते. बूड सोडवून खालची जागा घासून स्वच्छ करा. पाणी आत जाऊ नये म्हणून रबर परत नीट बसवा. छत फायबरचे असेल तर अर्थची तार पत्र्यापर्यंत वेगळी न्यावी लागते.

इंजिन चालू केले की खरखर?

इंजिन बंद असताना रेडिओ स्वच्छ आहे. चालू करताच टरटर होते. वेग वाढवला की टरटरही वाढते. हा दोष इंजिनाच्या ठिणगीचा किंवा बॅटरी भरणाऱ्या यंत्राचा. टेपची काळी तार पत्र्याला घट्ट लावा. प्लगच्या तारा जुन्या झाल्या असतील तर बदला.

हा त्रास नवा नाही. अमेरिकेत १९३० साली गाल्विन यांच्या कंपनीने 'मोटोरोला' नावाचा मोटारीचा रेडिओ विकायला काढला. ठिणगीची खरखर थांबवणे, हीच तेव्हाही मोठी अडचण होती. टेपमागची जाड पिन आजही त्या नावाने ओळखली जाते.

इंजिन बंद असूनही खरखर आहे? मोबाइलचा चार्जर काढून पाहा. गाडीतला कॅमेरा, एलईडी दिवे एकेक करून बंद करा. ज्याने खरखर थांबली, तो चोर. स्वस्त चार्जर बरेचदा पकडला जातो.

शेवटची परीक्षा

एवढे करूनही जमले नाही, तर टेपची परीक्षा घ्या. टेप बंद करा. एरिअलची पिन काढा. अडीच फूट रबरी वेष्टणाची तार घ्या. तिचे एक टोक अर्धा इंच सोला. ते टोक टेपच्या एरिअलच्या भोकात अगदी मधोमध घाला. कडेला लागू देऊ नका. दुसरे टोक खिडकीकडे ठेवा. टेप चालू करून एफएम लावा.

केंद्र जोरात आले? मग टेप चांगला आहे, दोष एरिअलमध्ये आहे. काहीच आले नाही? तर खुशाल दुकानदाराकडे जा. आता तुमच्याजवळ पुरावा आहे.

हे लक्षात ठेवा

१. तारांना हात लावण्याआधी बॅटरीची काळी तार काढा.
२. फ्यूज उडाला तर त्याच आकड्याचा घाला. तिथे साधी तार कधी घालू नका. गाडी पेट घेईल.
३. टेप बसवून झाला की दुकानातच रेडिओ लावून पाहा. नुसती गाणी ऐकून पैसे देऊ नका.
४. गाडी चालवताना केंद्र शोधत बसू नका.
५. पावसाळ्यात मध्यम लहरीवर कडकड ऐकू येते. ती दूरच्या विजेचीही असते. आवाज वाढत गेला तर टेपला दोष देऊ नका, आभाळाकडे पाहा. झाडाखाली थांबू नका. पत्र्याच्या बंद गाडीत काचा लावून बसा.

नंदनवनात टेप बसवा की उमरेडला, निळ्या तारेची चौकशी करणे आपल्या हातात आहे. माहीत असलेला गिऱ्हाईक फसत नाही, आणि चांगल्या मिस्त्रीलाही असाच गिऱ्हाईक आवडतो.

वाचलेत ना? मग सांगा

१. गाणी वाजतात पण रेडिओ लागत नाही, याचे मोठे कारण कोणते?
२. टेप अमेरिकेच्या मापावर असेल तर ५८५ का सापडत नाही?
३. दोष टेपचा की एरिअलचा, हे अडीच फूट तारेने कसे ओळखाल?
४. तुमच्या गावातल्या कोणाच्या गाडीत रेडिओ खरखरतो? त्याला हा पाठ वाचून दाखवा.