आपण भिंती घेतो की जमीन?

गेल्या महिन्यातली गोष्ट. एकाच संध्याकाळी माझ्या कार्यालयात दोन माणसे आली. दोघेही आपल्या समाजातले आणि दोघेही गिरणगावात वाढलेले. पहिला बँकेत अधिकारी आहे, ठाण्याला राहतो. त्याच्या हातात लोअर परळच्या एका टॉवरची गुळगुळीत पुस्तिका होती. "जय भीम, साहेब. दोन कोटींचा फ्लॅट आहे. राहायला नको, गुंतवणूक म्हणून घेतोय. पाच वर्षांत दुप्पट होतील म्हणतात. उद्याच चेक द्यायचाय," तो म्हणाला. त्याच्या मागोमाग वरळीच्या बीडीडी चाळीतले एक काका आले. चाळीच्या पुनर्विकासात त्यांना घर मिळते आहे. ते म्हणाले, "वकीलसाहेब, दलाल रोज दारात उभा असतो. म्हणतो, हे विकून टाका, बदलापूरला मोठं घर घ्या, उरलेले पैसे बँकेत टाका. कागद आणलाय त्यानं. करू का सही?"

एक जण शहराच्या मधोमध फ्लॅट घ्यायला निघालेला आणि दुसरा तिथलाच फ्लॅट द्यायला निघालेला! पण मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. या फ्लॅटमध्ये तुमच्या मालकीचे नेमके काय आहे? दोघेही गप्प बसले. आपल्या समाजातली शिकलेली पिढी आता घरे घेऊ लागली आहे, आणि चाळीतल्या पिढीच्या हाती प्रथमच मालकीचे घर येते आहे. म्हणून हा प्रश्न जाहीरपणे मांडावा असे वाटले.

भाव वाढतो तो जमिनीचा

इमारत दरवर्षी जुनी होते. तिला गळती लागते, प्लास्टर पडते, लिफ्ट बिघडते. तीस-चाळीस वर्षांनी ती पाडण्याची भाषा सुरू होते. मग फ्लॅटची किंमत वाढते म्हणतात ती कशामुळे? ती वाढते इमारतीखालच्या जमिनीमुळे आणि त्या जमिनीवर किती बांधकाम करता येते याच्या नियमांमुळे. परळ-वरळीइतके हे दुसरीकडे कुठे दिसणार?

गिरण्यांची जमीन सुमारे सहाशे एकर. या गिरण्यांत आपले बापजादे राबले. पण विणकाम खात्यात त्यांना प्रवेश नव्हता. तुटलेला धागा जोडताना तोंडाने ओला करावा लागे आणि अस्पृश्याचे तोंड लागलेला धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. जास्त पगाराचे खाते ते नेमके हेच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठणकावून मांडला होता. पुढे १९८२ चा संप झाला आणि गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करण्याची सोय होती. एक वाटा मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि ही वाटणी गिरणीतल्या मोकळ्या जमिनीपुरतीच उरली. शेडखालची जमीन वाटणीतून सुटली. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये याविरुद्ध निकाल दिला. परंतु मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवून बदल कायम ठेवला. बँकवाल्या तरुणाच्या हातातली पुस्तिका या इतिहासातून जन्मलेली आहे. तिथल्या भावात संगमरवराचा वाटा थोडा आहे. खरा वाटा आहे तो जमिनीचा.

गुंतवणुकीचा हिशेब

आता त्या तरुणाचा हिशेब पाहू. फ्लॅट दोन कोटींचा. पन्नास लाख पदरचे, दीड कोटी कर्ज. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांचा हप्ता महिन्याला सुमारे १ लाख ३० हजार येतो. घराचे भाडे समजा पन्नास हजार मिळाले, तर वर्षाचे सहा लाख, म्हणजे किमतीच्या तीन टक्के. त्यातून देखभालीचे दहा हजार जातील. मालमत्ता कर वेगळा. म्हणजे दरमहा नव्वद हजार खिशातून भरायचे! शिवाय इमारत पुरी होईपर्यंत भाडे शून्य. मुंबईत मुद्रांक शुल्क सध्या सहा टक्के, म्हणजे बारा लाख. बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे दहा लाख. किंमत अकरा टक्के वाढली तर कुठे हे बावीस लाख भरून निघणार, आणि व्याज तर अजून मोजलेलेच नाही. पाच वर्षांत दुप्पट होतील असे सांगणारा माणूस हे लिहून देईल का? विचारून पाहा.

राहण्यासाठी घर घेणाऱ्याचा हिशेब वेगळा असतो. त्याचे भाडे वाचते, मुलांची शाळा जवळ येते, जाण्यायेण्याचे तास वाचतात. पण नुसत्या नफ्यासाठी आयुष्यभराची मिळकत एका टॉवरच्या तिसाव्या मजल्यावर टांगून ठेवायची असेल, तर आधी कागद वाचलेच पाहिजेत.

कागद कोणते पाहायचे?

पहिली गोष्ट नोंदणीची. २०१६ चा रेरा कायदा १ मे २०१७ पासून महाराष्ट्रात पूर्णपणे लागू झाला. आता महारेराची नोंदणी असल्याशिवाय नव्या प्रकल्पाची जाहिरातसुद्धा करता येत नाही. नोंदणी क्रमांक घ्या आणि महारेराच्या संकेतस्थळावर त्या जमिनीवर कुणाचा बोजा आहे, कोर्टात दावा आहे का, ते पाहा. करारनामा नोंदवण्यापूर्वी किमतीच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम मागण्याचा बिल्डरला अधिकार नाही. म्हणजे उद्याचा चेक द्यायचाच असेल, तर त्याला मर्यादा आहे! ताबा वेळेत मिळाला नाही तर पैसे व्याजासह परत मागता येतात.

दुसरी गोष्ट क्षेत्रफळाची. व्यवहार चटई क्षेत्रावरच करा. 'सुपर बिल्टअप' या शब्दाखाली जिना, लॉबी आणि हवासुद्धा विकली गेली आहे. मोकळ्या जागेतले पार्किंग वेगळे विकता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१० चा निकाल आहे.

तिसरी गोष्ट भोगवटा प्रमाणपत्राची. वरळीच्या कॅम्पाकोला कंपाउंडचे उदाहरण सर्वांना माहीत आहे. परवानगी पाच मजल्यांची असताना तिथे एक इमारत वीस मजल्यांपर्यंत गेली. लोकांनी पैसे भरले आणि पंचवीस वर्षे संसार केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वरचे मजले बेकायदा ठरवले आणि २०१४ मध्ये रहिवाशांना महापालिकेच्या हाती किल्ल्या द्याव्या लागल्या. लोकवस्ती प्रतिष्ठित होती, तरी कागद नव्हता.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आणि तीच कुणी विचारत नाही. ती म्हणजे जमीन कुणाच्या नावावर जाणार? सहकारी गृहनिर्माण संस्था असेल, तर जमीन व इमारत संस्थेच्या नावे अभिहस्तांतरित व्हावी लागते. मुंबईत असंख्य इमारतींखालची जमीन आजही जुन्या मालकाच्या किंवा बिल्डरच्या नावावर आहे. म्हणूनच २००८ मध्ये मोफा कायद्यात दुरुस्ती करून मानीव अभिहस्तांतरणाची सोय करावी लागली. १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालचे कन्डोमिनियम असेल, तर प्रत्येक फ्लॅटधारकाला जमिनीत आणि सामायिक जागेत अविभाज्य हिस्सा मिळतो. तो किती टक्के, हे नोंदवलेल्या घोषणापत्रात लिहिलेले असते. ते पान वाचा. जमीन मालकीची आहे की भाडेपट्ट्याची, आणि भाडेपट्ट्याची असेल तर मुदत किती उरली, हेही पाहा. त्याच आवारात उद्या आणखी टॉवर उभे करण्याचा हक्क बिल्डरने राखून ठेवला आहे का, तेही पाहा. उद्या इमारत पाडायची वेळ आली की ज्याच्या हाती जमीन, त्याचाच शब्द चालतो. बाकीचे फक्त भिंतींचे मालक आणि भिंती तर पाडल्या जाणार!

दारावरची पाटी

पैसे आहेत, कागदही स्वच्छ आहेत, तरी आडनाव ऐकून फ्लॅट 'आताच गेला' असे सांगितले जाते. हा अनुभव आपल्याला नवा नाही. १९१७ मध्ये परदेशातून उच्च शिक्षण घेऊन आलेल्या बाबासाहेबांना बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेले टोळके दारात आले आणि त्यांना सामानासह बाहेर पडावे लागले.

त्यानंतर अठ्ठ्याऐंशी वर्षांनी, २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात निकाल दिला. सभासदत्व एकाच समाजापुरते ठेवणारा उपविधी वैध आहे, तो संघटना स्वातंत्र्याचा भाग आहे आणि कायदा बदलायचा तर विधिमंडळाने बदलावा, असे त्याचे सार आहे. हा प्रश्न एका पारशी संस्थेपुरता नाही. कोणत्याही जातीची वा धर्माची बंद संस्था याच निकालाकडे बोट दाखवू शकते. म्हणून जुन्या सोसायटीत फ्लॅट घेताना आधी उपविधी मागून घ्या.

परंतु सगळे दरवाजे बंद आहेत असे मात्र नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम २३ नुसार पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही आणि नाकारल्यास अपील करता येते. नकार तोंडी देतील, पण तुम्ही तो लेखी मागा. नव्या टॉवरमध्ये भेदभाव होतो तो विक्रीच्या टेबलावर. तिथे संविधानाचे कलम १५(२) आठवा. त्यातला 'दुकान' हा शब्द व्यापक अर्थाने आहे, मोबदला घेऊन सेवा देणारा प्रत्येक जण त्यात येतो, असे बाबासाहेबांनी २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत स्पष्ट केले होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हाच व्यापक अर्थ धरून खासगी शिक्षणसंस्थांनाही त्या कलमात आणले. मग फ्लॅट विकणारे कार्यालय दुकान नाही तर काय आहे? हा मुद्दा आपल्या वकिलांनी न्यायालयात मांडला पाहिजे. आणि जात-धर्मावर सभासदत्व रोखणारे उपविधी रद्द ठरवणारी दुरुस्ती विधिमंडळाने करावी, ही मागणी चळवळीने लावून धरली पाहिजे.

काकांची सही

आता काकांकडे वळतो. बीडीडी चाळी १९२० च्या दशकातल्या. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. त्या खोल्यांत तीन-तीन पिढ्या वाढल्या, भीमजयंत्या झाल्या, वरळीची दंगल सोसली गेली. आता पुनर्विकासात ५०० चौरस फुटांचे घर मालकी हक्काने मिळते आहे. वरळीतल्या पहिल्या घरांच्या किल्ल्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. शंभर वर्षे आपण तिथे भाडेकरू होतो. भाडेकरूचा मालक झाला, त्याच दिवशी दलाल दारात आला!

बदलापूर मुंबईपासून अडुसष्ट किलोमीटर. घर मोठे मिळेल, पण रोजचे चार तास लोकलमध्ये जातील. वहिनींची शेजारची कामे जातील आणि नातवंडांची शाळा तुटेल. शिवाय दलालाने आणलेला कागद होता कुलमुखत्यारपत्राचा. असे कागद करून घर विकता येत नाही, मालकी त्याने जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच सांगितले आहे. पुनर्वसनाच्या घरांना विक्रीबंदीची मुदतही असू शकते. आपल्या वाटपपत्रात ती किती आहे, हे वाचल्याशिवाय हातात पेन घेऊ नये.

काकांची भीती मात्र खोटी नव्हती. "चाळीस मजल्यांची इमारत, देखभालीचा खर्च पेन्शनीत कसा भागणार?" असे ते म्हणाले. प्रश्न खरा आहे. देखभालीचा निधी एक दिवस संपतोच. त्याचे उत्तर घर विकण्यात नाही. संस्थेच्या कारभारात आपली माणसे असली पाहिजेत, हिशेब सभेत मागितला पाहिजे, लिफ्ट-पंपाच्या ठेक्यावर नजर ठेवली पाहिजे. अगदीच निभेना, तर नियमात बसत असल्यास घर भाड्याने द्यावे, पण मालकी सोडू नये. जमिनीवरचा हक्क एकदा गेला, तर परळ-वरळीत पुन्हा पाय ठेवायला किती पिढ्यांची कमाई लागेल याचा हिशेब वर दिलाच आहे.

त्या दिवशी काका सही न करता गेले. दोन दिवसांनी मुलाला आणि सुनेला घेऊन आले, वाटपपत्राची प्रतही आणली. बँकेतल्या तरुणाने चेक दिला नाही. जमिनीची कागदपत्रे मागितल्यावर समोरच्यांनी "एवढं कुणी विचारत नाही" असे उत्तर दिले म्हणे. आपण विचारले पाहिजे. घेणाऱ्याने सहीपूर्वी विचारावे आणि देणाऱ्याने तर दहादा विचारावे. आपल्या वस्तीत असा कागद घेऊन कुणी फिरत असेल, तर जवळच्या विहारात रविवारच्या बैठकीत तो सर्वांसमोर वाचा. वकील आपल्यातच आहेत, बोलवा. फी नंतर बघू.

जय भीम!