हुमणी समिती : नावांची यादी आणि झाडांची यादी



वळवाचा पहिला दमदार पाऊस झाला की आमच्या शेतकी विभागातले फोन सुरू होतात. कोणाला बेणे पाहिजे असते, कोणाला लागणीची नोंद करायची असते. हुमणीबद्दल त्या दिवसांत कोणीही विचारीत नाही. तो फोन येतो सप्टेंबरात. ऊस पिवळा पडलेला असतो आणि हाताने ओढला की बेटच्या बेट उपटून वर येते. आम्ही जातो, मुळाशी उकरतो, अर्धगोल वळलेली पांढरी अळी तळहातावर घेऊन दाखवितो. सभासद म्हणतो, "ही तर उन्नी!" ओळख पटते, पण तोपर्यंत मुळ्या खाऊन झालेल्या असतात आणि उभ्या उसात औषध खोलवर पोचविणे कठीण होऊन बसते.

आपल्या गटातील एका सभासदाचे उदाहरण सांगतो. नाव सांगत नाही, कारण गावात आधीच पुष्कळ बोलणे झाले आहे. दीड एकर रान, पाणी बेताचे. त्यांनी लागणीपूर्वी दोन वेळा खोल नांगरट केली, नांगरामागे बगळे-कावळे अळ्या वेचीत होते ते हुसकले नाहीत, शेणखतात मेटाऱ्हायझियम बुरशी मिसळून टाकली. आम्ही जे जे सांगितले ते ते केले. तरी बांधाकडचा पट्टा बसला. त्या बांधावर शेजाऱ्याचे चार मोठे लिंब आहेत. ते आम्हाला म्हणाले, "साहेब, माझ्या रानात मी सगळं केलं. त्याच्या लिंबाला मी काय करू?" आमच्यापाशी उत्तर नव्हते. खरे सांगायचे तर हा लेख त्या उत्तरासाठीच लिहीत आहोत.

हुमणीची रीत समजली म्हणजे त्यांच्या प्रश्नाचा अर्थ कळतो. वर्षाला हिची एकच पिढी. पहिल्या पावसाने जमीन भिजली की तांबूस-तपकिरी भुंगेरे दिवेलागणीला मातीतून निघतात, लिंब, बाभूळ, बोर यांवर जमतात, तेथे नर-मादी एकत्र येतात, पाला खातात आणि पहाटेच्या आत पुन्हा जमिनीत शिरतात. एक मादी सुमारे ५०-६० अंडी घालते. पुढचे सगळे, म्हणजे अळी, कोष, पुन्हा भुंगेरा, हे जमिनीखाली चालते. म्हणजे वर्षभरात ही कीड आपल्या डोळ्यांसमोर येते ती थोड्या संध्याकाळी, आणि येते ती उसावर नव्हे, झाडावर. ज्याचे झाड त्याचा ऊस असेलच असे नाही. सोयाबीनवाल्याच्या लिंबावरचा भुंगेरा ऊसवाल्याच्या रानात अंडी घालतो, आणि ऊसवाल्याच्या बाभळीवरचा सोयाबीनवाल्याच्या. सोयाबीनच्या मुळ्याही हुमणी खाते, हे आपल्या तालुक्यात वेगळे सांगावयास नको.

तेव्हा गावागावात हुमणी समित्या कराव्यात असे ठरले आणि त्या झाल्याही. येथे आमची चूक कबूल करतो. समित्या आम्ही कार्यालयात बसून केल्या. सरपंच, सोसायटीचे चेअरमन, दोन प्रगतिशील शेतकरी, एक महिला प्रतिनिधी, अशी नावे घातली आणि चिटबॉयच्या हाती पत्रे पाठविली. ज्यांची नावे घातली त्यांतल्या काहींना पत्र मिळेपर्यंत ठाऊकही नव्हते. एका गावात अध्यक्ष एका पॅनेलचे निघाले, तर दुसऱ्या पॅनेलची मंडळी बैठकीला आलीच नाहीत. भुंगेऱ्यांना पॅनेल नसते असे आमचे एक शेतकी मदतनीस चावडीत म्हणाले, त्यावर लोक हसले, पण आले नाहीत. बैठक दुपारी झाली, इतिवृत्त लिहिले, सह्या झाल्या. त्याच आठवड्यात पाऊस पडला आणि त्या संध्याकाळी झाडाखाली एकही समिती सदस्य नव्हता. प्रकाश सापळेही आमच्याकडून उशिरा पोचले. सप्टेंबरात जे व्हायचे ते झाले.

आता कोणी म्हणेल की यात सभासदांना कशाला ओढता, कारखान्याने माणसे लावून करून घ्यावे. याबाबतीत लोकरी माव्याची आठवण द्यावीशी वाटते. २००२ साली तो सांगली जिल्ह्यात प्रथम दिसला आणि पुढच्या हंगामांत पसरत गेला. आम्ही तेव्हा कृषी पदविका घेऊन नुकतेच बाहेर पडलो होतो. पानाखाली कापूस पसरल्यासारखी पांढरी कीड आणि वरच्या पानांवर काळी बुरशी, असे फड पाहून जाणते शेतकरीही हबकले होते. जो तो पंप पाठीला लावून फवारू लागला. पण उंच वाढलेल्या उसात फवारा पोचत नव्हता आणि जेथे पोचत होता तेथे माव्याबरोबर त्याला खाणारे मित्रकीटकही मरत होते. शेवटी मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा उचलला तो डिफा आणि मायक्रोमस या मित्रकीटकांनी. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने, कृषी विद्यापीठांनी आणि कारखान्यांनी ते वाढविले, फडातून फडात नेले. मात्र त्यासाठी एक गोष्ट सभासदाकडूनच व्हायची होती : ज्या फडात डिफा सोडला त्यात फवारायचे नाही आणि शेजाऱ्यानेही हात आवरायचा. माव्याच्या फडातले वाढे दुसऱ्या गावी न्यायचे नाही. हे काम कोणत्याही कारखान्याला पगारी माणसांकडून करून घेता येत नाही. मालकाने 'नाही फवारत' म्हटले तरच ते होते.

कायद्याचा मार्ग आहे का? मुंबई प्रांताने शेतीवरील कीड व रोगांबाबत १९४७ साली कायदा केला. क्षेत्र जाहीर करून तेथील शेतकऱ्यांना उपाय करण्यास भाग पाडावे, अशी त्याची कल्पना. त्या वेळी आपला औसा भाग निजामाच्या राज्यात होता, हा भाग वेगळा. पण पावसानंतरच्या संध्याकाळी सात वाजता कोणाच्या लिंबाखाली कोण उभे राहावे, हे कोणत्या नोटिशीने ठरणार?

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात ऊस पुष्कळ आणि तेथेही मुळ्या खाणारी हुमणीच. तेथे पूर्वी भुंगेरे माणसांकडून वेचून घेत. पुढे १९३५ साली तेथील ऊस संशोधन खात्याने हवाई बेटांवरून सुमारे शंभर मोठे बेडूक आणले, त्यांची पैदास करून ते उसात सोडले. भुंगेरे राहिले उसाच्या शेंड्यावर आणि बेडूक राहिले जमिनीवर. आज ते बेडूकच त्या देशाची डोकेदुखी होऊन बसले आहेत. मात्र त्याच राज्यात ऊस उत्पादक आणि कारखाने यांनी मिळून कीड-रोग नियंत्रण मंडळेही चालविली. दोघांची वर्गणी आणि दोघांचे प्रतिनिधी. बेडकांची गोष्ट जगभर झाली, मंडळांची फारशी कोणाला ठाऊक नाही.

असो. दुसऱ्या वर्षी आम्ही त्याच गावात पुन्हा गेलो, या खेपेस नावांची यादी न नेता. एप्रिलात चिटबॉय आणि गावातली चार पोरे शिवार फिरली आणि झाडांची यादी केली. कोणत्या गटात किती लिंब, किती बाभळी, किती बोरी, मालक कोण. मग ज्यांच्या बांधावर झाडे आहेत त्यांच्या घरी आम्ही स्वतः गेलो. ऊस असो वा नसो, सभासद असो वा नसो. समिती त्यांचीच झाली. दोन्ही पॅनेलची माणसे आपोआप आली, कारण बांधावरच्या झाडाने पॅनेल पाहून मुळे धरलेली नाहीत. ते चार लिंबवाले शेजारीही होते. पहिल्यांदा म्हणाले, "माझ्या झाडाला बोट लावायचं नाही." झाड तोडायचे नाही, फक्त हलवायचे आहे, हे सांगायला आम्हाला दोन चकरा लागल्या. त्यांना वाटले होते, फांद्या छाटायला आलो!

पाऊस पडला त्या संध्याकाळी चाळीसेक माणसे बाहेर पडली. झाडाखाली ताडपत्री, जुनी लुगडी. अंधार झाल्यावर लांब आकड्यांनी फांद्या झटकल्या. भुंगेरे गारांसारखे पडले. रॉकेल आता रेशनवर मिळत नाही, म्हणून बादल्यांत साबणाचे पाणी आणि वर थोडे डिझेल. पोरांनी मोजायला सुरुवात केली आणि एका लिंबाखाली दोनशेपुढे मोजणे सोडून दिले. झाडावर सरासरी २० भुंगेरे दिसले की मोहीम घ्यावी, अशी शिफारस आहे! सर्वांत जास्त काम कोणी केले म्हणाल तर बायकांनी. एक मावशी म्हणाल्या, "पुरुष मंडळी आकडी हलवून बिडी प्यायला जातात, वेचायचं आम्हीच." हे खरे होते आणि समितीत त्यांचे नाव नव्हते. तिसऱ्या संध्याकाळी घातले.

"किलोमागं काय देता?" हा प्रश्नही निघाला. काही कारखाने भुंगेरे विकत घेतात, त्यात वाईट काही नाही. पण आमचा अनुभव असा, की पैशासाठी माणूस जेथे भरपूर आहेत तेथेच जातो आणि आडबाजूच्या बाभळीकडे फिरकत नाही. म्हणून समितीने दर न ठरविता झाडे वाटून दिली. यावर मतभेद आहेत. आमच्याच कार्यालयात आहेत.

निकाल काय? दीड एकरवाल्या सभासदाचा बांधाकडचा पट्टा त्या वर्षी उभा राहिला. हुमणी मुळीच नव्हती असे नाही, उकरल्यावर सापडत होती, पण बेटे उपटत नव्हती. मात्र गावाच्या दुसऱ्या अंगाला, रस्त्याकडेच्या बाभळींजवळ दोन फड बसले. त्या बाभळी कोणाच्याच बांधावर नाहीत, म्हणून यादीतच आल्या नव्हत्या. शिवाय मोहीम तीन संध्याकाळी झाली आणि चौथ्या दिवशी गावात लग्न होते.

यंदाच्या याद्यांत रस्त्याकडची, गायरानातली आणि देवळामागची झाडे घेतली आहेत. त्यांच्यापुढे मालकाचा रकाना रिकामा आहे. ज्या सभासदाचे रान अशा झाडांच्या जवळ असेल त्याने आपले नाव त्या रकान्यात घालण्यास गट कार्यालयात किंवा चिटबॉयकडे कळवावे. आपल्या बांधावरचे झाड यादीत राहून गेले असेल तर तेही सांगावे. वळीव पडला त्याच संध्याकाळी, सात वाजता.