विमानातील शौचकूप – लेखांक ७ : मनाईच्या वेळा

दिलेल्या शब्दाप्रमाणे आज विमानतळावर टाकी उपसून नेणाऱ्या गाडीविषयी लिहावयाचे होते; परंतु मिरजेहून आलेल्या एका पत्राने तो बेत पुढे ढकलणे भाग पाडले आहे. पत्रलेखक रेल्वेच्या डबे-दुरुस्ती खात्यात सारी हयात घालवून निवृत्त झालेले गृहस्थ असून, नुकतेच ते आयुष्यात प्रथमच विमानाने प्रवास करून आले. ते विचारतात, की गाडी स्थानकात उभी असताना संडासाचा उपयोग करू नये ही पाटी आम्ही जन्मभर डब्याडब्यांतून पाहिली व तिचे कारणही आम्हांस ठाऊक होते. आता विमान धावपट्टीकडे सरकू लागताच हवाई सेविकेने मला संडासाच्या दारातून परत फिरविले, ते याच कारणासाठी काय?

प्रश्न साधा दिसतो, पण मला तो फार मोलाचा वाटला. कारण ज्या समजुतीतून तो उद्भवला ती समजूत शेकडो प्रवाशांच्या मनात असते आणि तिच्यामुळे खरे कारण झाकले जाते. रेल्वेच्या जुन्या डब्यांतील शौचकूपाची नळी खाली उघडी असे, मळ थेट रुळांवर पडे, आणि धावत्या गाडीखाली जो मैलोगणती विखुरला जाई तोच उभ्या गाडीखाली फलाटालगत साचून राही. म्हणून ती मनाई होती, आणि डब्यांना जैव-शौचालये बसल्यावर तिचे मूळ कारणही उरले नाही. विमानातून मात्र खाली काहीच पडत नाही. १६,००० फुटांच्या वर बाहेरच्या विरळ हवेचा आणि त्याखाली विद्युत्-पंपाचा आधार घेऊन ही यंत्रणा मळ कसा ओढून घेते, हे गेल्या आठवड्यात सविस्तर पाहिलेच आहे; जे ओढले जाते ते टाकीत जाते, आणि टाकीची झडप बाहेरच्या अंगाने, जमिनीवरूनच उघडते. तरीही दिल्लीत एका निवृत्त लष्करी अधिकाऱ्याने आपल्या घरावर विमानांतून मळ पडतो अशी तक्रार राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेली आणि डिसेंबर २०१६ मध्ये न्यायाधिकरणाने, आकाशात टाकी रिकामी करणाऱ्या कंपनीकडून दर प्रसंगी ५०,००० रुपये वसूल करण्याचा हुकूम दिला. गळक्या झडपेतून पाझरलेले द्रव्य उंचावर गोठून पुढे खाली येणे अशक्य नाही. पण वैमानिकाने कळ दाबावी आणि टाकी आकाशात मोकळी व्हावी अशी सोय विमानात नाही.

रेल्वेचा विषय निघालाच आहे तर ओखिलचंद्र सेन यांचे स्मरण केल्यावाचून मला राहवत नाही. १९०९ साली या बंगाली प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीला एक अर्ज लिहिला. फणस खाऊन पोट फुगल्यामुळे स्थानकावर उतरून ते शौचास गेले असता गार्डाने शिटी दिली. एका हातात लोटा व दुसऱ्या हातात धोतर सावरीत धावताना ते फलाटावर पडले, स्त्री-पुरुषांच्या देखत त्यांची लाज गेली आणि गाडीही गेली. पाच मिनिटे गाडी थांबवू न शकणाऱ्या त्या गार्डास जबर दंड करावा, अशी त्यांची मागणी होती. हा अर्ज दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात ठेवलेला आहे, आणि खालच्या वर्गाच्या डब्यांत शौचकूप आले ते या अर्जामुळे असे सांगितले जाते. त्या अर्जाच्या मोडक्यातोडक्या इंग्रजीवर लोक हसत आले आहेत. मला तो अर्ज वाचताना कधीच हसू आलेले नाही. देहधर्माची वेळ आणि वाहनाची वेळ यांचा मेळ बसला नाही म्हणजे माणसाची किती केविलवाणी अवस्था होते, याचा इतका प्रामाणिक दस्तऐवज माझ्या पाहण्यात दुसरा नाही, आणि ही लेखमाला लिहिण्यास मी प्रवृत्त झालो त्याचे एक कारण तो अर्जच आहे.

आता मूळ प्रश्नाकडे. विमानातील मनाईचे कारण मळात नसून पट्ट्यात आहे. शौचकूपात पट्टा नाही, एवढ्या एका वाक्यात ते सांगता येते. विमानातील आसन हे केवळ बसण्याचे साधन नव्हे. आधुनिक प्रवासी विमानाचे आसन पुढच्या दिशेने गुरुत्वाच्या सोळापट धक्का सोसेल अशा कसोटीतून उतरलेले असते, आणि पट्टा बांधलेल्या माणसालाच त्या कसोटीचा लाभ मिळतो. शौचकूपातील बैठकीची अशी परीक्षा कोणी घेत नाही. तेथे सभोवती आरसा, नळ, कपाटाच्या कडा आणि पाठीमागे टणक भिंत. म्हणूनच अमेरिकेच्या संघीय विमान-नियमांतील १२१.३११ हे कलम जमिनीवरील हालचाल, उड्डाण आणि अवतरण या तिन्ही प्रसंगी प्रत्येक प्रवाशाने पट्ट्याच्या आसनावर असले पाहिजे असे सांगते, आणि जगभरचा शिरस्ताही असाच आहे. जमिनीवरचे सरकणे आपल्याला निरुपद्रवी वाटते. परंतु आडवे येणारे वाहन किंवा दुसरे विमान पाहून वैमानिकाने एकदम ब्रेक दाबला तर उभा माणूस कोठे जाऊन आदळेल याचा नेम नसतो. त्यात विमान तातडीने रिकामे करण्याची वेळ आली तर निम्म्याच दारांतून ९० सेकंदांत सर्वांना बाहेर काढता यावे, या हिशेबाने विमानाची रचना पारखलेली असते. बंद दाराआड बसलेला माणूस त्या हिशेबात कोठेच नसतो. उड्डाणापूर्वी हवाई सेविका शौचकूपांची दारे उघडून पाहते, ती यासाठीच.

या नियमाचा भंग इच्छेविरुद्ध कसा होऊ शकतो याचे उदाहरण आपल्या मुंबईच्या विमानात घडले. १६ जानेवारी २०२४ च्या पहाटे मुंबईहून बंगळूरला निघालेल्या विमानात एक प्रवासी शौचकूपात गेला आणि कडी बिघडल्यामुळे आतच अडकला. वास्तविक या दारावरील फलकाखाली एक खटका असतो व त्याने ते बाहेरून उघडता येते. पण कडीच मोडली तर खटका काय करणार? बाहेरून केलेले सारे प्रयत्न फसले, अवतरणाची वेळ आली, तेव्हा हवाई सेविकेने एका कागदावर मजकूर लिहून तो दाराखालून आत सरकविला : घाबरू नका, थोड्याच वेळात आपण उतरत आहोत, भांड्याचे झाकण बंद करून त्यावर बसा आणि स्वतःला सावरून धरा. विमान सुखरूप उतरले, तंत्रज्ञांनी दार फोडले, प्रवासी बाहेर आला. त्या चिठ्ठीविषयी मला अतिशय आदर वाटतो. जेथे पट्टा नाही तेथे जेवढे करता येण्यासारखे होते तेवढे त्या कर्मचारी बाईंनी नेमक्या शब्दांत सांगितले, आणि आतल्या माणसाला एकटे पडू दिले नाही.

एवढे झाल्यावर दुसऱ्या जातीच्या मनाईकडे वळले पाहिजे, कारण या दोहोंची गल्लत हेच बहुतेक भांडणांचे मूळ आहे. विमान उंचावर स्थिरपणे चालले असताना डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा लागतो, तो कॅप्टनच्या अखत्यारीतला इशारा होय, आणि त्याचे कारण हवेचे धक्के. हे धक्के किती अकस्मात येतात? २१ मे २०२४ रोजी लंडनहून सिंगापूरला चाललेले एक मोठे विमान ब्रह्मदेशावरून जात असताना साडेचार सेकंदांच्या आसपास १७८ फूट खाली आले. पट्टे बांधण्याचा दिवा लागल्याचे वैमानिकाने उच्चारले तेव्हापासून तडाख्यापर्यंत अवघ्या काही सेकंदांचे अंतर होते. जे बांधलेले नव्हते ते छतावर आदळून खाली पडले, आणि एका वृद्ध प्रवाशाचा अंत झाला. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला गेलेल्या विमानातही उतरताना असेच धक्के बसून अनेकजण जखमी झाले. तेव्हा हा दिवा ही केवळ औपचारिकता आहे असे कोणी समजू नये.

पण येथेच माझी एक गाऱ्हाण्याची बाब आहे. काही वर्षांपूर्वी मी आणि माझे वडीलबंधू नागपूरहून मुंबईस येत होतो. दादांना रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू होती. विमान वर चढून स्थिर झाले, हवा इतकी शांत की पेल्यातील पाणीही हलत नव्हते, तरी दिवा मालवला गेला नाही. पुढे मुंबईवर गर्दी म्हणून विमान घिरट्या घालू लागले. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदून जातात, त्यामुळे एका वेळी एकीचाच वापर होतो आणि या घिरट्या तेथे नवलाच्या नाहीत. दादा दिव्याकडे पाहत बसून राहिले, मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि उतरल्यावर त्यांच्या चेहऱ्याची जी कळा झाली होती ती मी विसरलेलो नाही. कारण नसताना तेवत ठेवलेला दिवा दोन अपराध करतो : आज्ञाधारक म्हाताऱ्याला छळतो, आणि इतरांना तो दिवा न मानण्याची सवय लावतो. ज्या दिवशी तो खरोखरीच्या संकटासाठी लागतो त्या दिवशी त्याचा धाक उरलेला नसतो. कॅप्टनांनी हवा शांत होताच दिवा मालवावा, हे माझे स्पष्ट मत आहे.

मनाईचा अतिरेक पाहावयाचा तर वॉशिंग्टनकडे पाहावे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर तेथील राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानालगतचा नॅशनल विमानतळ ४ ऑक्टोबरला पुन्हा उघडला तो या अटीवर, की तेथून निघाल्यावर पहिली ३० मिनिटे आणि तेथे उतरण्यापूर्वीची शेवटची ३० मिनिटे एकाही प्रवाशाने आसन सोडता कामा नये. कोणी उठलाच तर विमान दुसऱ्या विमानतळाकडे वळवावे. येथे पट्ट्याचा प्रश्न नव्हता, हवेचा नव्हता; उभा राहिलेला प्रत्येक माणूस संशयित, एवढाच अर्थ होता. हे फर्मान २००५ च्या जुलैपर्यंत अमलात होते. पुढे २५ डिसेंबर २००९ रोजी अॅम्स्टरडॅमहून डेट्रॉइटला जाणाऱ्या विमानात एका तरुणाने सुमारे वीस मिनिटे शौचकूपात काढून, परत आसनावर येऊन अंगावरील स्फोटक पेटविण्याचा प्रयत्न केला, तेव्हा अमेरिकेकडे येणाऱ्या विमानांत शेवटचा तासभर कोणी उठू नये असा आदेश निघाला, आणि तो थोड्याच दिवसांत सैल करून कॅप्टनच्या विवेकावर सोडावा लागला. तासाभराच्या या मनाईत लहान मुले, गर्भवती आणि मधुमेही यांनी काय करावे, याला आदेशात उत्तर नव्हते, आणि ज्या नियमाला या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही तो टिकत नाही.

मिरजेच्या गृहस्थांनी पत्राच्या शेवटी व्यवहाराची गोष्ट विचारली आहे, ती सर्वांच्या उपयोगाची म्हणून सांगतो. विमानात चढण्यापूर्वी, फाटकाजवळच जाऊन यावे. मुंबईत दारे बंद झाल्यापासून विमान उडेपर्यंत अर्धा तास सहज जातो. उतरण्याची घोषणा होण्याची वाट पाहू नये. जेवणाची तबके गोळा होऊ लागली की उठावे. आणि तरीही निकड आलीच, तर परस्पर न उठता डोक्यावरची घंटा दाबून हवाई सेविकेला साध्या शब्दांत सांगावे. जमिनीवर आणि उतरताना ती मुभा देऊ शकणार नाही. पण उंचावर दिवा लागलेला असता ती कॅप्टनला विचारू शकते, धोका किती आहे ते सांगू शकते, आणि पुष्कळदा वाट काढते. सांगण्यात लाज काहीच नाही.

एक विनंती मात्र माझी स्वतःची आहे. अमेरिकेतील लेकी-सुनांच्या बाळंतपणासाठी पंधरा-सोळा तासांच्या विमानात बसणाऱ्या आपल्याकडील कितीतरी आया-मावश्या, मध्येच उठावे लागू नये म्हणून, आदल्या दिवसापासून पाणी पिणेच सोडतात. विमानातील हवा अतिशय कोरडी असते, आणि तहानलेल्या देहाने तास न् तास एका जागी बसणे हे पायांतील रक्ताच्या गाठींना निमंत्रण ठरू शकते. आपल्या घरातून असे कोणी निघत असेल तर त्यांच्यासाठी मार्गिकेलगतचे आसन मागून घ्या, आणि पाणी पीत राहा असे त्यांना निघण्यापूर्वी बजावून सांगा. टाकी उपसणाऱ्या गाडीकडे आपण पुढील आठवड्यात वळू.