विश्लेषण : झोपेसाठी खास इअरबड्स... आवाज थांबतो की फक्त झाकला जातो?

मध्यरात्री सुरू असलेले बांधकाम, रिक्षांचे हॉर्न, गल्लीतल्या कुत्र्यांची भांडणे, शेजारी झोपलेल्याचे घोरणे. शहरातल्या रात्रीला आता शांतता म्हणावी अशी स्थिती उरलेली नाही. त्यावर उपाय म्हणून ‘स्लीप बड्स’ नावाची, रात्रभर कानात ठेवून झोपण्यासाठी बनवलेली वायरलेस इअरबड्स गेल्या काही वर्षांत बाजारात आली आहेत. नामांकित कंपन्यांच्या जोडीची किंमत परदेशात २५० डॉलरच्या आसपास, म्हणजे २० हजार रुपयांच्या पुढे जाते. एवढे पैसे मोजून नेमके काय मिळते? आणि कोणत्या आवाजापुढे हे उपकरण हात टेकते?

साध्या इअरबड्सपेक्षा वेगळे काय?

गाणी ऐकण्याचे नेहमीचे इअरबड्स घालून कुशीवर झोपून पाहिले असेल, तर उत्तर कानालाच माहीत आहे. दांडी उशीत रुतते, कानाची कड दुखते आणि पहाटे एक बड पांघरुणात सापडतो. झोपेसाठीचे बड कानाच्या खळग्यात पूर्ण बसतील एवढे लहान आणि चपटे असतात. बाहेर काही डोकावत नाही. टोकाला मऊ सिलिकॉन असते.

दुसरा फरक बॅटरीचा. नेहमीचे अनेक बड एका चार्जिंगवर पाच-सहा तास चालतात आणि पहाटे चारला ‘बॅटरी लो’ असे कानातच सांगून जागे करतात. झोपेच्या बडमध्ये पाऊस, समुद्र, पंखा असे आवाज बडच्या आतच साठवलेले असतात. फोनवरून ब्लूटूथने सतत आवाज घ्यावा लागत नाही, म्हणून बॅटरी वाचते. अँकर कंपनीच्या ‘साउंडकोअर स्लीप ए२०’चेच उदाहरण घ्या. कंपनीच्या दाव्यानुसार साठवलेल्या आवाजांवर तो १४ तास चालतो, ब्लूटूथवर १० तास. सकाळचा गजरही फक्त तुमच्याच कानात वाजतो. पहाटेची पाळी असणाऱ्याच्या घरात ही सोय लहान नाही.

आवाज झाकणे म्हणजे काय?

झोपमोड होते ती केवळ आवाज मोठा असल्यामुळे नव्हे. आवाज अचानक बदलल्यामुळे ती अधिक होते. झोपेतही मेंदूचे कान उघडे असतात. रेल्वेच्या डब्यात माणूस खडखडाटात गाढ झोपतो आणि गाडी थांबली की डोळे उघडतो. छताचा पंखा हे तर आपल्याकडचे जुने झोपेचे यंत्र. वीज गेली की उकाडा जाणवायच्या आधीच अनेकांना जाग येते, कारण पंख्याची घरघर थांबलेली असते.

स्लीप बड्स याच तत्त्वावर चालतात. समजा, खोलीत ३० डेसिबल इतकी शांतता आहे आणि खालून ५५ डेसिबलचा हॉर्न वाजला. मेंदूच्या दृष्टीने ही २५ डेसिबलची उडी झाली. खोलीत आधीच ४५ डेसिबलचा पावसाचा आवाज सुरू असेल, तर उडी १० डेसिबलची उरते. डेसिबलचे माप सरळ चढत नाही. दर १० डेसिबलला ध्वनीची ऊर्जा दहापट होते. त्यामुळे २५ आणि १० यांतला फरक दिसतो त्याहून बराच मोठा आहे. सिलिकॉनचे टोक कानात नीट बसले, तर बाहेरचा आवाज आत पोहोचेपर्यंत आणखी कमी होतो आणि पाऊसही हळू ठेवला तरी पुरतो.

यात एक अट आहे. झाकणाऱ्या आवाजात त्रासदायक आवाजाच्या आसपासच्या कंपनसंख्या असाव्या लागतात. म्हणून ॲपमध्ये रंगांची नावे दिसतात. ‘व्हाइट नॉइज’मध्ये सर्व कंपनसंख्यांना सारखी ऊर्जा असते. तो जुन्या टीव्हीवरच्या मुंग्यांसारखा, थोडा तीक्ष्ण लागतो आणि बोलण्याचे आवाज चांगले झाकतो. ‘पिंक नॉइज’ त्याहून मऊ, संततधार पावसाच्या जवळचा. ‘ब्राऊन नॉइज’ खर्जातला, लांबच्या धबधब्यासारखा. हा ‘ब्राऊन’ तपकिरी रंगावरून आलेला नाही. परागकणांतून निघालेल्या सूक्ष्म कणांची पाण्यातली अखंड हालचाल टिपणारे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांचे ते नाव आहे.

मग नॉइज कॅन्सलेशन कशासाठी?

इथे बरीच गल्लत होते. नॉइज कॅन्सलेशनमध्ये बडचा मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि त्याच्या नेमकी उलटी लहर स्पीकरमधून सोडतो. दोन्ही लहरी एकमेकींना खोडतात. विमानाची किंवा एसीची घरघर, म्हणजे खालच्या पट्टीचा एकसुरी आवाज, यात उत्तम खोडला जातो. भुंकणे, हॉर्न, दार आपटणे, बाळाचे रडणे यांचा अंदाज आधी घेता येत नाही आणि त्यात वरच्या पट्टीचे सूरही असतात. तिथे हे तंत्र लंगडे पडते. झोपेच्या अनेक बडमध्ये ते दिलेलेच नसते. त्याने बॅटरीही खर्च होते. ते नाही म्हणून उपकरण कमअस्सल, असे समजू नये.

घोरणे या दोन्हींच्या मधले आहे. त्याला खालची पट्टी असते, ताल असतो, पण तो मधेच बिघडतो. बंद टोक आणि झाकणारा आवाज मिळून ते बऱ्यापैकी सुसह्य होते, नाहीसे होत नाही. डीजेच्या ठोक्यांपुढे मात्र फारसा इलाज नाही. खर्जाचा आवाज भिंतीतून आणि खाटेतून येतो, छातीवर जाणवतो. कानातले बूच त्याला अडवू शकत नाही आणि बारीकसा स्पीकर त्याला झाकूही शकत नाही. घराला त्रास मिरवणुकीचा किंवा मंगल कार्यालयाचा असेल, तर २० हजारांची खरेदी करण्याआधी हे लक्षात घेतलेले बरे.

हे तंत्र आले कुठून?

अमेरिकेच्या बोस कंपनीने २०१८ मध्ये ‘स्लीपबड्स’ आणले, तेव्हा त्यावर गाणी वाजतच नव्हती. फक्त कंपनीने दिलेले आवाज. लोकांना ते विचित्र वाटले, पण विचार पक्का होता : हे करमणुकीचे साधन नव्हे. घोडे अडले बॅटरीवर. चार्जिंगच्या तक्रारी वाढल्या आणि २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये कंपनीने विक्री थांबवून ग्राहकांचे पैसे परत केले. २०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली. तीही २०२३ मध्ये बंद झाली. त्यानंतर बोसमधून बाहेर पडलेल्या मंडळींनी ‘ओझ्लो’ ही कंपनी काढून तोच धागा पुढे नेला. त्यांचे बड फोनवरचे पॉडकास्ट किंवा गाणी वाजवतात आणि माणूस झोपल्याचे जाणवले की आपोआप झाकणाऱ्या आवाजावर जातात.

इतक्या लहान वस्तूत रात्रभर टिकणारी बॅटरी बसवणे हीच या उपकरणाची खरी परीक्षा आहे. जाहिरातीतला ‘उत्तम ध्वनी’ इथे गौण. विकत घेताना वॉरंटी बॅटरीला लागू आहे का, एवढे तरी विचारावे.

संशोधन काय सांगते?

विक्रेते सांगतात तितके ठाम काही नाही. सततच्या आवाजाचा झोपेवर काय परिणाम होतो, या विषयावरील ३८ अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये ‘स्लीप मेडिसिन रिव्ह्यूज’ या नियतकालिकात आला. पुराव्याचा दर्जा अत्यंत कमी आहे, असा त्याचा निष्कर्ष होता. काही अभ्यासांत फायदा दिसला, काहींत उलट झोप बिघडली. गोंगाटाच्या जागी राहणाऱ्याला उपयोग होण्याची शक्यता अधिक. मुळात शांत खोलीत, काळजीने किंवा मोबाइलच्या सवयीने झोप न येणाऱ्याने कानात धबधबा लावून फार अपेक्षा ठेवू नये.

फोमचे साधे इअरप्लग विसरता कामा नयेत. त्यांच्या पाकिटावर साधारण २९ ते ३३ डेसिबल आवाज घटवण्याचा आकडा असतो. घरी तेवढा परिणाम मिळत नाही, कारण ते घालायची पद्धत चुकते. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढायचा, आत सरकवून ते फुगेपर्यंत बोटाने धरायचे. त्यांना बॅटरी लागत नाही. काहींना मात्र कान बंद झाल्यावर स्वतःचाच श्वास आणि नाडीचे ठोके मोठ्याने ऐकू येतात. अशांना हळू आवाज सोडणारे बड अधिक मानवतात.

रात्रभर आवाज, कानाला धोका?

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार प्रौढांनी ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकणे सुरक्षित. आवाज ३ डेसिबलने वाढला की ही मुदत निम्मी होते. रोज आठ तास बड घालणाऱ्याचे आठवड्याचे ५६ तास होतात, म्हणजे ८० डेसिबल त्याला परवडणारे नाही. झाकण्याचा आवाज मुळात इतका मोठा लागतच नाही. संथ गप्पांइतका किंवा त्याहून हळू ठेवला तर श्रवणशक्तीची चिंता नको. धोका तेव्हा, जेव्हा बाहेरचा डीजे बुडवण्यासाठी माणूस आवाज चढवत जातो आणि तसाच झोपी जातो. आयफोनच्या ‘हेल्थ’ ॲपमध्ये हेडफोनच्या आवाजाची नोंद दिसते आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्ये आवाजाला मर्यादा घालता येते. ती एकदा घालून ठेवावी. कानात शिट्टी वाजत असेल, तर आधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवावे.

आवाजापेक्षा ओल अधिक त्रास देते. कानातला मळ आपोआप बाहेर सरकत असतो. रोज बूच लावले की तो आत दाबला जातो. दमट हवेत, विशेषतः मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, बंद कानात बुरशी धरायला वेळ लागत नाही. आंघोळीनंतर कान पूर्ण कोरडे होऊ द्यावेत, सिलिकॉनची टोके धुऊन वाळवावीत, आठवड्यातल्या काही रात्री कान मोकळे ठेवावेत. कान वाहत असेल किंवा पडद्याला छिद्र असेल, तर बड वर्ज्य. मधुमेहींनी कानाचे दुखणे अंगावर काढू नये. त्यांच्यात बाह्यकर्णाचा संसर्ग हाडापर्यंत जाऊ शकतो.

घोरणे झाकले, पुढे काय?

या खरेदीचे सर्वात मोठे गिऱ्हाईक म्हणजे घोरणाऱ्याचा जोडीदार. नेमकी इथेच एक गंभीर गोष्ट नजरेआड होते. प्रत्येक घोरणे आजार नसते. पण जोरात घोरता घोरता आवाज एकदम बंद होणे, काही क्षणांनी गुदमरल्यासारखा श्वास घेऊन पुन्हा सुरू होणे, हे ‘स्लीप ॲप्निया’चे लक्षण असू शकते. किमान दहा सेकंद श्वास थांबण्याच्या किंवा अपुरा पडण्याच्या अशा घटना तासाला पाच वा अधिक झाल्या, तर डॉक्टर त्याची दखल घेतात. उच्च रक्तदाब, हृदयविकार आणि पक्षाघाताशी या आजाराचा संबंध आहे.

झोपलेल्या माणसाला हे स्वतः कळत नाही. सांगणारा एकच असतो, शेजारी जागा असलेला. त्याने बड घातले की तो साक्षीदारही गेला. म्हणून बड घालण्याआधी दोन-तीन रात्री फोनवर घोरण्याचे रेकॉर्डिंग करावे. मधे खंड पडत असतील, दिवसा पेंग येत असेल, सकाळी डोके जड राहत असेल, तर ते रेकॉर्डिंग घेऊन डॉक्टरांकडे जावे. पुढे झोपेची तपासणी होते आणि गरज पडल्यास ‘सीपॅप’ यंत्राने श्वासमार्ग उघडा ठेवला जातो. त्या उपचाराने बहुधा घोरणेही थांबते आणि जोडीदाराचा खर्च वाचतो.

तान्हे बाळ, आजारी वृद्ध किंवा एकटेपण असलेल्या घरात दोन्ही कान बंद करून झोपू नये. एकच बड वापरता येतो. हे बड लहान मुलांच्या हाती लागता कामा नयेत. ते गिळण्याइतके लहान असतात.

कायदा काय म्हणतो?

ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्र म्हणजे १० ते ६. या वेळेत मोकळ्या जागी ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकते. कमी लोकांना ठाऊक असलेली तरतूद अशी की, रात्री निवासी भागात आणीबाणी वगळता हॉर्न वाजवणे आणि बांधकामाची गोंगाट करणारी यंत्रे चालवणे, या दोन्हींना मनाई आहे. तक्रार ११२ वर करता येते. तारीख, वेळ आणि फोनवरचे चित्रीकरण जपून ठेवावे. फोनमधले डेसिबल ॲप अंदाजापुरतेच असते, पोलिसांचे मोजमाप वेगळ्या यंत्राने होते.

हिंजवडीच्या कॉल सेंटरमधून किंवा रुग्णालयाच्या रात्रपाळीतून सकाळी घरी परतणाऱ्यांना ४५ डेसिबलचे हे संरक्षण नाही, कारण त्यांची रात्र सकाळी नऊला सुरू होते. तेव्हा शेजारचे ड्रिल नियमात बसते आणि भाजीवाल्याची आरोळीही. जाड पडदा, चालू पंखा आणि हळू आवाजातले बड यांचा खरा उपयोग कोणाला होत असेल, तर तो यांना.